हप्ता कधीच न चुकवलेला माणूस

कुंडलिक हप्ता चुकवत नाही, हे वागळे इस्टेटमधल्या त्याच्या कारखान्यात सगळ्यांना तोंडपाठ होतं, कारण तोच ते सगळ्यांना ऐकवायचा. डोंबिवलीच्या घरासाठी त्याने चाळिसाव्या वर्षी पंचेचाळीस लाखांचं कर्ज काढलं. ते अठ्ठावन्नाव्या वर्षी फिटणार होतं, साठाव्या वर्षी कंपनी घरी बसवणार होती, मग तो आणि रसिका सुखाने दोन घास खाणार होते. बँकेची पाकिटं आली की तो ती न उघडताच फाइलमध्ये सरकवायचा आणि लक्ष्मीपूजनाला अख्खी फाइल पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचा. या फाइलमुळेच घर झालं, मग तिला नको का मान? आणि उघडून बघायचं तरी काय, हप्ता तर तेवढाच होता.

यंदा शेजारच्या मशीनवरच्या आनंदने आपलं कर्ज दुसऱ्या बँकेत हलवलं आणि डबा खाताना नवा व्याजदर सांगितला, आठ पूर्णांक एक. कुंडलिकला स्वतःचा दर सांगता येईना. घरी येऊन त्याने दहा वर्षांची पाकिटं फोडली. दर साडेदहाच्या घरात चढला होता. बँकेने हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवत नेली होती आणि कर्ज आता बासष्टाव्या वर्षी संपणार होतं. पगार थांबल्यावर दोन वर्षं हप्ता कुठून आणायचा? त्याला शिसारी आली. आधी बँकेची, मग स्वतःची. सगळं छापून आलं होतं आणि हा गाढव त्यावर कुंकू वाहत बसला होता.

कर्ज हलवायला जुन्या बँकेचे दोन कागद लागतात. बाकी किती, आणि घराची कोणती कागदपत्रं त्यांच्या ताब्यात आहेत. त्या दोन कागदांसाठी त्याच्या तीन रजा गेल्या. कधी साहेब मीटिंगमध्ये, कधी सिस्टिम बंद, तर कधी अर्जाचा नमुनाच बदललेला. चौथ्या खेपेला मात्र मॅनेजर मेघनाबाईंनी स्वतः केबिनमध्ये बसवून चहा मागवला. एक अर्ज आणि थोडी फी भरा, म्हणाल्या, इथेच आठ पूर्णांक एक करून देते, दोन मिनिटांचं काम.

"हे आधी होत नव्हतं?" कुंडलिकने विचारलं.

"होत होतं की. चार वर्षं सोय आहे."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत," बाई गोड आवाजात म्हणाल्या.

चार वर्षं यांनी त्याच्या घामाचे पैसे ओरपले होते, तेही त्याच्या सहीने आणि अगदी नियमात. चहा त्याने तसाच ठेवला आणि ते दोन कागद हातात पडेपर्यंत खुर्ची सोडली नाही.

ठाण्यातल्या नव्या बँकेत सगळं चटचट झालं. हप्ता तेवढाच, दर आठ पूर्णांक एक आणि कर्ज साठाव्या वर्षी खलास. शेवटच्या सहीआधी त्याने पेन थांबवलं. उद्या तुमचा दर नव्या लोकांसाठी उतरला, तर मला कळवाल का, असं त्याने अधिकाऱ्याला विचारलं.

अधिकारी हसला. "काका, ते तुम्हीच अधूनमधून विचारत राहायचं."

कुंडलिकने तरीही सही केली. दोन वर्षं वाचत होती, न करून सांगतो कुणाला?

घरी रसिकाने विचारलं, काम झालं का.

"झालं," तो म्हणाला. "आता दर सहा महिन्यांनी जायचं आणि हात जोडून विचारायचं, आम्हाला लुबाडताय का म्हणून."