उंदराच्या नावावर

मार्चमध्ये अर्धापूरजवळच्या आमच्या घरातलं इंटरनेट नऊ दिवस बंद होतं. गावोगाव फायबर टाकणाऱ्या कंपनीकडे मी लाइनमनची तक्रार केली: कामचुकार आहे, येतच नाही.

दहाव्या दिवशी तो आला. केबल हातानं चाचपत आमच्या बांधावरून चालत गेला आणि मी केळीचा पाला जाळला होता, तिथं थांबला. वितळलेला तुकडा त्यानं कापला, हुंगला आणि खिशात टाकला.

"खरं लिवलं तर तुमचं कनेक्शन कापतेत, मालक. उंदरानं कुरतडली म्हणून लिहून राहिलो."

मी फक्त "हाव" म्हणालो. तक्रारीचं सांगितलं नाही.

संध्याकाळी नेट सुरू झालं. तक्रार मागे घ्यायला मी चार दिवसांनी फोन केला. त्याला आदल्या दिवशीच कामावरून काढलं होतं.