बरणीतलं सौर वादळ घेऊन तेरेखोलला

गुरुवारी बातमी आली की सूर्यावर मोठा स्फोट झालाय आणि त्यातून सुटलेला विद्युतभारित कणांचा लोट शनिवारी पृथ्वीवर पोचेल. आमच्या गोव्यात आकाशात रंग वगैरे दिसत नाहीत, पण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हादरतं आणि टांगलेला चुंबक किंचित वळतो. मी डिचोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांनी त्यासाठी एक बरणी तयार केली होती. आत दोऱ्याला चुंबक, चुंबकाला चिकटवलेला छोटा आरसा. आरशावर लेझर सोडला की भिंतीवर लाल ठिपका पडतो. चुंबक केसभर वळला तरी ठिपका सरकतो.

अडचण एकच. आमचं घर आणि शाळा दोन्ही खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावर. प्रत्येक ट्रकागणिक ठिपका नाचायचा. त्याच वर्गातली सानिका म्हणाली, "टीचर, हे सूर्याचं यंत्र नाही, ट्रकांचं आहे." वर्ग हसला. मला ते लागलं. मी सांगून टाकलं, शनिवारी तुम्हाला वादळ दाखवते.

म्हणून तेरेखोल. नदीपलीकडचं गाव, ट्रक नाहीत.

गाडी चालवायला नवरा, दिगंबर. मूळचा दोडामार्गचा, वीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवलेला माणूस. "सूर्य खंय नि आपण खंय. तो हंय पोचतलो कसो?" एवढंच म्हणून त्याने गाडी काढली. अस्नोडा, कोलवाळ करत पेडण्याला पोचलो. तिथे पातळ भाजी, गरम उंडे म्हणजे कडक गोल पाव आणि मिरची भजी खाल्ली. सकाळी नऊच्या आत गेलात तरच उंडे मिळतात. पुढे तुये, मांद्रे, हरमल आणि केरीचा धक्का. डिचोलीहून दोन तास धरा. भरतीओहोटीप्रमाणे फेरीबोट थांबते, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करून निघा.

बोटीवर मी बरणी मांडीवर धरून बसले होते. तिकीटवाल्याने विचारलं, "लोणचें?"

"चुंबक."

"मागीर इतलें संबाळून कित्याक व्हरता?" चुंबक एवढा जपून कशाला न्यायचा, हे त्याला कळेना. लोणचं जास्त पटलं असतं.

तेरेखोलला इस्पेरांसाबाय नावाच्या बाईंकडे खोली घेतली. साधी, स्वच्छ, जेवणात सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कडी. जागा मिळाली तर जरूर राहा. पण खोलीत लोखंडी खाट होती. मी त्यांची नारळ ठेवायची कोठी मागितली. कोयता, विळी, पत्र्याचे डबे बाहेर काढले. माझ्या केसांतल्या पिना काढल्या, दिगंबरच्या किल्ल्या घेतल्या, गाडी लांब चिंचेखाली लावली. भिंतीवर कागद डकवून ठिपक्यावर पेन्सिलीची रेघ मारली.

साडेअकराला ठिपका चार बोटं सरकला.

वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं: वादळ पोचलं. मुलांचे अंगठे, फटाके, टाळ्या येऊ लागल्या. मुख्याध्यापकांनीही अभिनंदन केलं. ठिपका परत रेघेवर आला आणि थोड्या वेळाने पुन्हा सरकला. मी वेळा लिहीत सुटले.

इस्पेरांसाबाय दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बाय, तुजो घोव भायर गेलो की तो तिबो परत येता. हांवें तीन फावट पळयलें."

तीनदा? मी दिगंबरला बाहेर पाठवलं. ठिपका रेघेवर. आत बरणीशेजारच्या खुर्चीत बसवलं. चार बोटं.

"खिशात काय आहे?"

"काय नाय."

"दिगंबर."

त्याने शर्ट वर केला. कमरेला रुंद काळा पट्टा, आत बटणांएवढे चौदा चुंबक. म्हापशाच्या कुठल्याशा प्रदर्शनात घेतलेला, पाठदुखीवर.

"सांगितलं का नाहीस?"

"तू वर्गात असल्या पट्ट्यांची चेष्टा करतंस. मग तुका कसा सांगू?"

मी करायचेच, अगदी नकला करून.

ग्रुपवर लिहिलं: मघाचं वादळ माझ्या नवऱ्याच्या कमरेचं होतं, माफ करा. एवढे हसरे चेहरे मी पूर्वी एका वेळी पाहिले नव्हते. दिगंबर पट्टा घेऊन दूर तेरेखोलच्या किल्ल्याच्या वाटेवर जाऊन बसला, मी न सांगताच.

तीनच्या सुमारास ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा सरकला. कोठीत मी आणि इस्पेरांसाबाय, दोघीच. गाडी जागेवर, दिगंबर वाटेवर. ठिपका परत फिरला नाही. मी कुणालाही कळवलं नाही. घरी येऊन वेधशाळेचा आलेख पाहिला. तीनच्या सुमाराला तिथेही रेघ घसरलेली होती.

सोमवारी फळ्यावर दोन्ही नोंदी काढल्या, मोठी खोटी आणि बारीक खरी. सानिकाने विचारलं, "टीचर, बारीकसुद्धा कुणाचा तरी पट्टा नव्हता कशावरून?" इतका चांगला प्रश्न मला वर्षात कुणी विचारला नव्हता. मी आलेख दाखवला, तेव्हा तिने दोन्हींच्या वेळा ताडून पाहिल्या.

संध्याकाळी दिगंबरला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस दुखतंय. दोनेक वर्षं झाली असतील, असं मी सांगणार होते.

"अकरा वर्षां," तो म्हणाला.