पुतणीच्या घराचं गाऱ्हाणं

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळलं. लाज हे एक कारण आहेच. पण खरं कारण असं की, वाडीत जी खोटी गोष्ट चालते तिच्यात मी हुशार ठरलोय, आणि सत्तरी ओलांडल्यावर फुकट मिळालेली हुशारी कोण परत करतो?

आमची वाडी रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर. अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत कारकुनी करून निवृत्त झालो आणि घरी आलो. आमच्या घराण्याकडे गाऱ्हाण्याचा मान आहे. कोणी विहीर पाडो, रिक्षा घेवो की दुकान टाको, हातात नारळ घेऊन ग्रामदेवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि यांचं बरं कर म्हणायचं, हे माझं काम. मी एकेक वाक्य म्हणतो, जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. शब्द कोणी ऐकत नाही. माझा आवाज खाली उतरला की ओरडायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. एकदा एकाच दिवशी म्हशीचं आणि रिक्षाचं अशी दोन गाऱ्हाणी होती. मी रिक्षाला भरपूर दूध मागितलं. तरीही व्हय म्हाराजा.

माझी पुतणी म्हणजे थोरल्या भावाची मुलगी. भाऊ मुंबईला गोदीत होता, तो लवकर गेला. पोर माझ्याकडे वाढली, मग तीही मुंबईला गेली आणि तिने बायकांच्या सहली काढायचा धंदा सुरू केला. मला वाटे, देवदर्शनाच्या असतील. ती परत आली ती पुण्याच्या एका मैत्रिणीला घेऊन. भावाच्या वाट्याच्या कातळावर दोघींनी पाहुण्यांसाठी चिऱ्याचं घर बांधायला काढलं. दोन पोरी गवंड्याशी ज्या शब्दांत भांडत, ते ऐकून वाडीला त्यांच्याबद्दल आदर वाटू लागला.

घर पुरं व्हायच्या सुमारास आम्ही दोघं खळ्यात कोकमासाठी रतांबे फोडत बसलो होतो. बिया एकीकडे, सालं एकीकडे, हात लालभडक. तिने मान वर न करता सांगून टाकलं.

“काका, ती माझी मैत्रीण नाही. आमचा संसार आहे.”

मी रतांबा फोडत राहिलो.

“आणि घर आमच्यासारख्यांसाठीच आहे. लॉजवाला दोन बायकांना खोली देतो, पण वर चार प्रश्न विचारतो. इथे कोणी काही विचारणार नाही, एवढंच मी विकतेय. तू वाडीत ‘बायकांसाठी होमस्टे’ म्हण. पुढचं बोलू नकोस.”

मी बरं म्हणालो. लेस्बियन हा शब्दही तिने मला त्याच दिवशी शिकवला, एखाद्या औषधाचं नाव शिकवावं तसा. कितीदा घ्यायचं, हे विचारायचं तेवढं मी टाळलं.

वास्तूच्या दिवशी सगळी वाडी आली. पहिल्या पाहुण्या आदल्या दिवशीच उतरल्या होत्या. मुंबईच्या दोघी, वयाने पन्नाशीच्या. एक शाळेत शिकवायची, सुती साडीत दाराशी उभी होती. मी नारळ उचलला आणि सुरुवात केली.

इथे वाडीची गोष्ट आणि माझी गोष्ट वेगळ्या होतात. वाडी म्हणते, काकाने डोकं लढवून देवासमोर सगळ्यांची कबुली घेतली. मी स्वतः दोनचारदा चहा पिताना सांगितलंय की देवापासून काही लपवलं तर गाऱ्हाणं पोचत नाही, म्हणून बोललो. दोन्ही थापा आहेत. मला ते घर बंद व्हायला हवं होतं. पण माझ्या हातून नको होतं. मी तिचा लाडका काका. वाईटपणा देवाने घ्यावा, असा माझा हिशेब. रात्रभर वाक्य जुळवलं होतं.

“बा देवा म्हाराजा, या घरात बाई बाईसंगं संसाराला येनार हाय, ही लेक पन त्यातलीच हाय...””

“व्हय म्हाराजा!”

‘तिला सुबुद्धी दे, सरळ वाटंला लाव’ हे पुढचं माझ्या तोंडातच राहिलं; ‘हाय’वर आवाज खाली उतरला होता ना. लोक ओरडून मोकळे झाले आणि मग एकेकाच्या डोक्यात अर्थ शिरला. माझी थोरली चुलती, कानाने अधू, शेजारणीला विचारत राहिली की हा काय म्हणाला, आणि शेजारीण तिच्या कानात जे ओरडली ते मी इथे लिहीत नाही. कोणीतरी मोबाईलवर चित्रण करत होतं. त्यात मी होतो, नारळ होता आणि दारातली सुती साडी होती. प्रसादाआधीच ते वाडीच्या ग्रुपवर गेलं. मुंबईकर चाकरमानी सगळे त्याच ग्रुपवर. त्या दोघींनी न जेवता बॅगा भरल्या. पुतणी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेली. मास्तरीणबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता, ऊन नसताना.

पुढे गंमत झाली. आठवड्याने चार पुढारी घर बंद करायला निघाले. चुलतीने त्यांना पाणंदीत अडवलं.

“देवासमोर व्हय म्हनलात ना रे? मंग आता नाय कुठल्या तोंडानं म्हनता?”

आमच्याकडे माणसाला दिलेला शब्द फिरवतात. देवाला दिलेला फिरवायची हिंमत होत नाही. पुढारी परत गेले. तेच चित्रण फिरत फिरत भलत्या ठिकाणी पोचलं आणि अख्खी वाडी जिथे होकार देते ते घर बघायला पोरी नागपूरहूनसुद्धा येऊ लागल्या. पुतणीने मग वधू-वधू सूचक मंडळ काढलं. त्याला आता रत्नागिरीत ऑफिस आहे. पत्रिका जुळवून मिळेल का, असं तिथे आईबापच विचारतात, म्हणजे आपला समाज कुठे ना कुठे पोचतोच.

मास्तरीणबाई पुन्हा आल्या नाहीत. त्यांचं शाळेत काय झालं ते पुतणीने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

यंदा तिने दापोलीला दुसरं घर उघडलं. गाऱ्हाण्याला मलाच बोलावलं. मी ठरवून गेलो: ज्या तोंडाने केलं त्याच तोंडाने, देवासमोर, सगळ्यांदेखत कबूल करायचं. मी मुद्दाम केलं, बाय, मला माफ कर. एसटीत पाठ केलं.

नारळ माझ्या हातात देताना ती हळूच म्हणाली, “काका, या वेळी माझ्याबद्दल देवाला काही सांगू नकोस. त्याला माहीत आहे.”

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. पहिल्या दिवसापासून. तरी ती पाहुण्यांना हसत हसत वाडीचीच गोष्ट सांगत आली, माझ्या हुशारीची.

मी सुरू केलं. देवाची नावं घेतली, घराला बरकत मागितली, माणसांना आयुष्य मागितलं. सगळीकडे पोरीच पोरी, पण व्हय म्हाराजा कसं तालात. शेवटी चुकीची माफी मागायची ओळ आली. फक्त एक शब्द बदलायचा होता. ‘लेकरांकडनं’च्या जागी ‘माझ्याकडनं’. पुढचं आपोआप आलं असतं. पण इतक्या वर्षांची सवय जिभेची. ती माझ्याआधी धावली.

“लेकरांकडनं काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाल म्हाराजा.”

माझी पुतणी हात जोडून, डोळे मिटून उभी होती. सगळ्यांत मोठ्याने तीच म्हणाली, “व्हय म्हाराजा.”