चिंचेखालचा कट्टा

मुलांनो, गेल्या रविवारी उपासना संपवून बाहेर आले, तर चिंचेखालचा कट्टा जागेवर नव्हता. तिथे दोन गाड्या उभ्या होत्या.

आपल्याकडे चर्चच्या इमारतीला देऊळ म्हणतात आणि माणसांना मंडळी. देवळात आम्ही गप्प बसायचो. मंडळी व्हायचो ती बाहेर, त्या कट्ट्यावर, चहा घेता घेता. गावाकडून शहरात नोकरीला आलेल्यांना भाड्याची खोली इथेच सापडे, बाळाचं नाव इथेच ठरे. तुमचे आजोबा गेले, त्यानंतरच्या रविवारी मी इथे बसले, तेव्हा ऊन उतरेपर्यंत कोणी मला एकटीला घरी जाऊ दिलं नाही.

"कोणी गं पाडला?" मी कमलला विचारलं. कमल माझी शाळेपासूनची मैत्रीण, आता चर्चच्या कमिटीत आहे.

"अगं, मीच सुचवलं. गाड्या लावायला जागा नको? लोक एकदा बसले की उठायचं नाव घेत नाहीत."

तिचं लग्न याच कट्ट्यावर जुळलं होतं. मुलाकडचे आले, तेव्हा तिचा घामेजलेला हात मी धरून ठेवला होता.

"मला आधी सांगितलं नाहीस?"

"तू रडली असतीस."

माणसं गाडीच्या काचेतूनच "सलाम, सलाम" म्हणत निघून जात होती.

"आता तोंड पाडू नकोस," कमल म्हणाली. "पुढच्या रविवारी माझ्याकडे ये चहाला."

"कोण कोण आहे?"

"कोण म्हणजे? आपण दोघीच."

तिला खरंच वाटत होतं, माझा फक्त चहा चुकला आहे.