मानपत्राची दुपार

शाळेत मी मराठी शिकवायचो, पण वर्ध्यात मला ओळखत ते मानपत्रांसाठी. कोणी निवृत्त झालं, कोणाची एकसष्टी आली, की आमच्या शिक्षणसंस्थेतून निरोप यायचा. मजकूर मीच लिहायचा आणि व्यासपीठावर मीच वाचायचा. प्रत्येकाला मी आधारवड म्हणत असे. एका वर्षात सहा आधारवड झाले. सावली कुठे पडल्याचं मला आठवत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. पावसाळा संपता संपता आमच्या मुलीला ताप आला. आठ वर्षांची होती, एकुलती. सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं. चौथ्या दिवशी ताप उतरला, तिनं मुरमुरे मागितले. मी सिंदी मेघेला घरी जाऊन अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि पुन्हा दवाखान्यात डोकावलो. त्या दुपारी संस्थेच्या अध्यक्षांचा सत्कार होता. मानपत्र माझं होतं, आणि ते माझ्याशिवाय कोणाला वाचता येणार नाही असा माझा समज होता. वास्तविक ते ठळक अक्षरांत छापून फ्रेममध्ये घातलेलं होतं.

"दोन घंट्यात येतो," मी बायकोला म्हटलं.

"जा. पोरगी बरी आहे आता."

अध्यक्ष उशिरा आले. मग त्यांच्याविषयी सहा जण बोलले आणि शेवटी ते स्वतः स्वतःविषयी बोलले. ताप डेंग्यूचा होता, आणि या आजारात ताप उतरतो तेव्हाच घात होऊ शकतो, हे मला नंतर कळलं. मी परतलो तेव्हा बायको खाटेजवळ फरशीवर बसली होती आणि खाटेपाशी कोणाला काही करायचं उरलेलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभर आम्ही मुलीबद्दल बोललो नाही. भाजी कोणती, सिलिंडर आलं का, एवढंच.

वर्ष भरत आलं तसा माझा थोरला भाऊ घरी आला. पेपरात पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायची, फोटोसकट, असं त्यानं ठरवलं होतं.

"साऱ्या गावातल्या बुढ्यायवर लिहितं तू," तो म्हणाला, "अन् आपल्या पोरीवर दोन ओळी नाई होत तुले?"

मी लिहायला बसलो. दहा मिनिटांत झालं. 'उमलण्याआधीच खुडलेली कळी' आपोआप आली, हाताला सवयच होती. शेवटी लिहिलं, 'आईवडिलांच्या मांडीवर तिनं अखेरचा श्वास घेतला.'

बायको मेथी निवडत होती. तिनं कागद वाचला.

"हे कोनाची पोरगी व्हय?" ती म्हणाली. "आपली कळी-बिळी नोहती. शाळेतून आली की दप्तर फेकून दे. चिचा-बोरांसाठी खोटं बोले."

मी पेनाला टोपण लावलं.

"अन् हे मांडीवर कोनाच्या? तुमी कुठी होते?"

वर्षभरात हा प्रश्न तिनं पहिल्यांदा विचारला. आवाज चढला नव्हता. मेथी निवडणंही थांबलं नव्हतं.

भावाला मजकूर दिला नाही. त्यानं पेपरवाल्याकडचा तयार मजकूर छापून आणला. तो जवळपास माझ्यासारखाच होता.

मी मात्र उत्तरपत्रिकांचे उरलेले कोरे कागद शिवून घेतले आणि लिहू लागलो. फेकलेलं दप्तर लिहिलं, चिंचांसाठीचं खोटं लिहिलं. शेजारणीच्या कोंबडीला तिनं पावडर लावली होती, तेही. बायको संध्याकाळी स्वयंपाक करता करता वाचायची.

"लाल फ्रॉक नोहता तो. हिरवा होता."

"लालच होता."

"शिवला कोनं? मी का तुमी?"

मुलीवरून आमचं भांडण होऊ लागलं. घरात तिचं नाव घेतलं जाऊ लागलं.

हे दोन-तीन महिने चाललं. मग मी दवाखान्यापर्यंत आलो आणि अडकलो. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं लिहिलं, तिच्या सुनेनं आणलेल्या डब्याचं लिहिलं, खिडकीच्या तुटक्या कडीवर तर एक पूर्ण पान लिहिलं. बायको ती पानं वाचायची आणि न बोलता परत ठेवायची. त्या दुपारच्या अलीकडे मी वीस पानं थांबलो होतो, हे तिला दिसत होतं. मलाही.

एका रविवारी लिहिलं, 'ती गेली तेव्हा मी तिथे नव्हतो. सत्काराला गेलो होतो. कोणी बळजबरी केली नव्हती. लोकांसमोर वाचायला मला आवडायचं.'

बायकोनं वाचलं. गॅस बंद केला. पदराला हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली.

"लिहा," ती म्हणाली. "तिनं इचारलं, बाबाचं झालं असन का वाचून? मी म्हनलं, तुह्या बाबाचं काई लवकर होत नाई. हासली. मंग म्हने, मले बसव. बसवलं मी तिले, पाठीशी उशी देल्ली…"

ती थांबली. मी पेन कागदावर टेकवून बसून राहिलो.

"पुढचं आज नाई," ती म्हणाली.

पुढचं तिनं चार दिवसांनी सांगितलं. ती सांगत गेली तसं मी लिहीत गेलो.