भाचीला शिकवलेली ‘फ्री कन्सेंट’

माझी भाची वकिलीच्या पहिल्या वर्षाला करार कायद्याच्या पेपरात नापास झाली, ती माझ्यामुळे. ते नेमकं का, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, भाचीला तर नाहीच. तिचं इंग्रजी कच्चं आहे, अशी अगदी आत्ताआत्तापर्यंत तिची समजूत होती. घरात सगळे तेच म्हणायचे आणि मी मान हलवायचो.

मी शहाद्याजवळच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. आम्ही दोनच भावंडं, बहीण मोठी. ताईचं सासर विसरवाडीला, मेहुण्यांचं हायवेवर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. भाचीनं बी.ए. झाल्यावर वकिलीचं डोक्यात घेतलं तेव्हा ताईचा फोन आला.

“भाऊ, पोरले तुन्हाकडे धाडस मी. कॉलेज जवळ पडी. अन् ते समदं इंग्रजीमा शे म्हने. तू शे तर माले काळजी नही.”

मला बरं वाटलं. इतकी वर्षं दहावीच्या पोरांना तीच ती पत्रं आणि तेच निबंध शिकवून कंटाळलो होतो. म्हटलं, चला, आता जरा खऱ्या इंग्रजीचा उपयोग होईल.

पहिल्या आठवड्यातच माझी जिरली. मला ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार, एवढंच ठाऊक. कायद्यात तो मोबदला निघाला. ‘इन्स्ट्रुमेंट’ म्हणजे वाद्य नाही, अवजार नाही, तर दस्त. ‘इश्यू’ एका पानावर वादाचा मुद्दा असायचा, दुसऱ्या पानावर माणसाची मुलंबाळं. वाक्य सुरू व्हायचं ते अर्धं पान संपलं तरी क्रियापद सापडायचं नाही. मध्ये ‘प्रोव्हायडेड दॅट’, मग ‘नॉटविथस्टँडिंग’. मी पेन्सिल घेऊन वाक्याचे तुकडे पाडायचो, आणि जोडायला बसलो की दर वेळी एखादा तुकडा उरायचा. शब्दकोश काढावा तर त्यातला मराठी शब्द इंग्रजीहून अवघड. ‘एस्टॉपेल’ला ‘प्रतिष्टंभ’! हे कुणाच्या तोंडात बसणार?

“मामा, तुम्ही इंग्रजीनाच मास्तर शेतस ना?” भाची हळूच विचारायची.

स्वयंपाकघरातून मामी उत्तर द्यायची, “तुन्हा मामाले गायवर निबंध शिकाडता येस. कायदा कोठे येस?”

दोघी हसायच्या. मी चिडायचो, पण तेवढ्यापुरतं. काही गोष्टी जमत गेल्या. प्रस्ताव आणि स्वीकार तिला मी सालदारावरून समजावला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाचा सालदार गडी ठरतो तेव्हा आपण म्हणतो, इतके पैसे, इतके दाणे. तो म्हणतो, चपलेचा जोड पण पाहिजे. म्हणजे त्यानं आपला प्रस्ताव स्वीकारला नाही, स्वतःचा नवा मांडला. ती टाळी देऊन म्हणाली, “हाई तं समजनं!” घेणाऱ्यानं बघून घ्यावं, या लॅटिन वचनासाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार कामी आला. घोड्याचे दात ज्याचे त्यानं बघावेत. त्या दिवसांत मला वाटायचं, हिला मी वकील करूनच सोडणार.

मग ‘फ्री कन्सेंट’ आली.

तिनं व्याख्या मोठ्यानं वाचली. दोन माणसं जेव्हा एकाच गोष्टीला एकाच अर्थानं हो म्हणतात, तेव्हा ती संमती. ‘सेम थिंग, इन द सेम सेन्स.’ पूर्ण पुस्तकात यापेक्षा सोपं वाक्य नव्हतं. शब्दकोश लागला नाही, पेन्सिल लागली नाही. आणि नेमकं तेच मला तिला सांगता येईना.

इथं ताईचं सांगायला हवं. आईवडील गेल्यावर शेताच्या उताऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागायची होती. आमच्याकडे अशा वेळी बहीण हक्कसोड करून देते, म्हणजे आपला हिस्सा भावाला सोडते. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, आमरस-पुरणपोळी होते, आणि सणाचा दुसरा दिवस कचेरीचा. भाऊ साडी घेतो, बहीण सही करते. कुणी याला वाईट म्हणत नाही. हिस्सा मागणारी बहीण माहेर तोडते, असंच मानतात. मीही नुसतं विचारलं असतं तर ताईनं बहुतेक दिलं असतं. पण त्या वर्षी मेहुण्यांचं दुकान बसलेलं होतं. ती ‘घरी विचारून सांगते’ म्हणेल, याची मला भीती वाटली. म्हणून मी विचारलंच नाही. हक्कसोडीचा दस्त तयार ठेवला आणि तिला सांगितलं, “वारस लावाना कागद शे, सही लागस.”

निबंधकाच्या कचेरीत तिथल्या बाबूनं रीतीप्रमाणे विचारलं, “दस्त वाचला का? मान्य आहे का?”

ताई सातवीपर्यंत शिकलेली. कागद वाचू शकली असती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “भाऊनी वाचेल शे ना.” फोटो निघाला, अंगठा झाला. परत येताना मोटरसायकलवर मागून तिनं विचारलं, “आते आपलं दोन्हीस्नं नाव लागी ना भाऊ?”

मी हो म्हणालो. वारा होता, पण तिला ऐकू गेलं असणार. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

तर त्या ताईची लेक समोर बसून मला विचारत होती, की जिथं एकाचा दुसऱ्यावर पूर्ण विश्वास असतो आणि त्या विश्वासाचा वापर करून सही घेतली जाते, तिथं संमती फ्री नसते, असं पुस्तक म्हणतं, ते बरोबर ना?

मी म्हणालो, “ते परक्यांसाठी. रक्ताच्या नात्यात ही भानगड येत नाही. सरकारी माणसासमोर सही झाली, फोटो झाला, की संमती फ्रीच धरतात.”

“पण मामा, अठे तं उलटं लिखेल शे. जवळनं नातं शे म्हनीसनच...”

“तुले इंग्रजी समजस का?” मी ओरडलो. “मी सांगस तेच लिख.”

मामी बाहेर येऊन बघून गेली. भाचीनं मान खाली घातली आणि मी सांगितलं तसं लिहून घेतलं. नंतर पाठही केलं. मला वाटलं, एवढा एक मुद्दा, परीक्षेत थोडाच येतोय.

तो आला. कुटुंबातल्या माणसानं विश्वासात घेऊन दस्तावर सही घेतली तर तो करार टिकेल का, असा मोठ्या गुणांचा प्रश्न होता. ती पेपर देऊन नाचतच घरी आली. “मामा, तुम्ही सांगं तेच उनं!” मी जेवणाच्या ताटावरून न उठता ‘बरं झालं’ म्हणालो. निकाल लागला तेव्हा बाकीचे विषय सुटले होते, हाच राहिला. थोडक्यात राहिला. त्या एका उत्तरानं ती सहज पास झाली असती.

“मन्हं इंग्रजीच कच्चं शे,” ती म्हणाली. “तुम्ही तरी काय करशात मामा?”

त्यानंतर मी एक काम केलं, तेही सांगतो. ती कॉलेजला गेली की मी तिची पुस्तकं काढून वाचू लागलो. तिला शिकवायला नव्हे. मला मुदतीचा कायदा बघायचा होता. इतकी वर्षं झाली, आता ताईला काही करता येणार नाही, असं कुठंतरी छापलेलं मला हवं होतं. पुन्हा तीच लांबलचक वाक्यं, तीच पेन्सिल. एका कलमात मुदत सापडली, हायसं वाटलं. पुढं पानं उलटली तर दुसरं कलम. फसवणूक असेल तर मुदत फसवणूक झाल्या दिवसापासून धरत नाहीत, ती उघडकीला आल्या दिवसापासून धरतात. मी ते वाक्य तोडून बघितलं, शेवटाकडून वाचलं, मराठी अनुवाद शोधला. अर्थ बदलेना. ज्या दिवशी मी तोंड उघडेन त्या दिवसापासून ताईची मुदत सुरू. पुस्तक मिटवून कपाटात कोंबलं. एवढी चीड मला शाळेत कधी कुठल्या पोराची आली नव्हती.

मागच्या महिन्यात भाचीनं बॅग भरायला घेतली. फेरपरीक्षेचा अर्ज भरायचा नाही, विसरवाडीला जाऊन दुकानात बसते म्हणाली. “माले नही जमत हाई, मामा. इंग्रजी मन्हा डोकामाच जात नही.”

मामी तिला समजावत होती, “अगं, एक विषय ना तो...” पण ती ऐकेना. कपड्यांच्या घड्या घालत राहिली. आणि मी बघत उभा होतो. मराठी शाळेत शिकलेली पोरगी कायद्याचं ते अवघड इंग्रजी एकटीनं बरोबर वाचते, आणि मी तिला तिच्याच वाचण्याबद्दल शंका घ्यायला लावलं होतं.

“थांब,” मी म्हणालो. “ते फ्री कन्सेंटचं मी चुकीचं सांगितलं होतं. पुस्तकात आहे तेच बरोबर. तू वाचलंस ते बरोबर होतं.”

तिनं घडी तशीच हातात धरली. “म्हंजे मन्हं इंग्रजी...”

“चांगलं आहे. माझ्यापेक्षा चांगलं.”

ती हसायला लागली. “मंग तुम्हीबी बठा मन्हासंगे परीक्षाले!” मामीनं तिच्या हातातली घडी घेऊन परत फडताळात ठेवली. दुसऱ्या दिवशी भाचीनं अर्ज भरला. आता रोज वाचते, मला काही विचारत नाही, आणि तेच बरं आहे.

पण त्याच वेळी, हसता हसता, तिनं एक विचारलं होतं. “पण मामा, चुकनं तं चुकनं. तुम्ही माले इतलं रागे काबर भरनात?”

मी म्हणालो, डोकं दुखत होतं.

ती चूक नव्हती, हे तिला सांगायचं राहिलं आहे. ताईला तर सुरुवातीपासून सगळं सांगायचं आहे, तिची मुदत सुरू झाली तरी चालेल. आणि निम्मं शेत तिचं आहे. आज ते माझ्या एकट्याच्या नावावर आहे, आणि ते मी तिला देणं लागतो.