आये आणि दारावरचा कागद

आये घरात आली की आधी आजारी माणसाकडे बघत नसे. ती त्याच्या उशाशी ठेवलेलं पाण्याचं भांडं उचलून त्यात किती पाणी उरलंय ते बघे, आणि मग म्हणे, "आता दाखव तुजं पोट."

डोंबिवलीत आमच्या आळीत सगळे तिला आये म्हणत. ती खाडीकडच्या गावातून चालत यायची. तरुणपणी मिठागरात काम केलेलं, त्यामुळे टाचा भेगाळलेल्या आणि हात मात्र लोण्यासारखे मऊ. बाळंतिणींना, तान्ह्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तेल चोळणं हा तिचा धंदा. म्हाताऱ्यांचं पोट साफ होत नसलं की डॉक्टरांच्या आधी तिला निरोप जाई.

तुम्ही दोघं फोनवर तुमच्या पणजीबद्दल विचारता, आणि मी नेहमी तिच्या पुरणपोळीवर वेळ मारून नेते. आज आयेबद्दल लिहिते, म्हणजे पणजीबद्दलही लिहावंच लागेल.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सासरे गेले आणि सासूबाई, म्हणजे तुमची पणजी, गाव सोडून आमच्याकडे आल्या. मी त्यांना आई म्हणत असे. दोन खोल्यांचं घर, संडास एकच, आणि त्याचं दार स्वयंपाकघरात उघडणारं. सकाळी तुमच्या आजोबांची कचेरी, माझी शाळा, तुमच्या बाबांची आणि आत्याची शाळा. मी इंग्रजी शिकवणारी शिस्तीची बाई. मी एका कागदावर प्रत्येकाची वेळ सुरेख अक्षरात लिहून तो संडासाच्या दाराला चिकटवला होता. शेजारणी येऊन कौतुकानं बघून जात.

तीन-चार महिन्यांत सासूबाईंचं पोट बिघडलं. पाच-पाच दिवस होत नसे. त्या जेवण टाकू लागल्या, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. "मला गावी पोचवा," एवढंच म्हणत. गावी त्यांना बघणारं कोणी उरलेलं नव्हतं. मी हा प्रश्नही शिस्तीनंच हाती घेतला. रात्री इसबगोल, सकाळी भिजवलेल्या काळ्या मनुका, रविवारी एरंडेल. काहीच लागू पडेना. मग आयेला बोलावलं.

तिनं भांडं उचललं. ते काठोकाठ भरलेलं होतं. "भुसा किती दिलास, बाय?" तिनं मला विचारलं.

"रोज दोन चमचे."

"आन् पानी?"

"घेतात की. दोन घोट."

"दोन घोट!" आये कपाळावर हात मारून सासूबाईंना म्हणाली, "म्हातारे, वाळल्या चिखलावर भुसा टाकलास तर त्याची भिंत होते. तू पोटात घर बांधतेस का?"

कित्येक दिवसांनी सासूबाई हसल्या. "तू काय मोठी कोवळी आहेस, मला म्हातारी म्हणायला?"

त्या दिवशी आयेनं आमच्या खोलीत पडदा लावला आणि कोमट तेलानं त्यांचं पोट चोळलं. उजव्या कुशीकडून वर, मग आडवं, मग डावीकडून खाली, अगदी हलक्या हातानं. मी पडद्याबाहेर वह्या तपासत बसले होते. आत कुजबूज चालली होती. बऱ्याच वेळानं आये बाहेर आली आणि थेट संडासाच्या दारापाशी जाऊन उभी राहिली.

"ह्यावर काय लिवलंय?"

मी अभिमानानं वाचून दाखवलं. सहा, सव्वासहा, साडेसहा, पावणेसात.

"यात म्हातारी कुठं हाय?"

"त्यांना कुठे जायचं असतं? त्या साडेनऊनंतर, सगळे गेल्यावर, स्वयंपाकघर रिकामं झालं की. निवांत."

आये माझ्याजवळ आली. मग तिनं आवाज अगदी खाली आणला. "बाय, मिठागरात भरती आली की बांधाचं दार उघडावं लागतं. दार बंद दिसलं की पानी माघारी जातं. म्हातारीची भरती सहाला येते, चहा पिल्यावर. ती तुज्या साडेनवाची वाट बघते. तवर समदं सुकून जातं. आन् मदीच उठावं लागू नये म्हनून ती पानी पीत नाय."

सासूबाईंनी मला हे एकदाही सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. असलं विचारणं मला असभ्य वाटे.

मी कागद फाडला. दुसऱ्या दिवसापासून सहा वाजता पहिली पाळी त्यांची. उठल्यावर गरम पाणी, मग चहा, आणि दिवसभर भांडं रिकामं होतंय की नाही ते आये येऊन बघे. दुखऱ्या गुडघ्यांमुळे त्यांच्यासाठी संडासात खुर्चीसारखी बैठक आणली होती, त्यावर त्यांचे पाय लोंबकळत. आयेनं पायांखाली पाट सरकवला. "पाय टेकल्याबिगर जोर कुठनं येनार?" पपई, पालेभाजी, संध्याकाळी जिन्यापर्यंत चार फेऱ्या. आणि मला दटावणी: "रक्त दिसलं, नायतर अंग झडाया लागलं, तर मना नाय बोलवायचं. डाक्तरकडं न्यायचं." पंधरा दिवसांत सासूबाई भिंतीकडून इकडे वळल्या. गावी जायचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढे आठ-नऊ वर्षं त्या आमच्यात राहिल्या आणि झोपेतच शांतपणे गेल्या.

आये भेटायला आली ती त्यांच्या बाराव्यानंतर. तोवर ती स्वतःही वाकली होती. मी तिला चहा दिला आणि इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं. "आये, त्या पहिल्या दिवशी पडद्याआड त्या काय म्हणाल्या होत्या?"

तिनं बशी खाली ठेवली. "आता ती गेली. सांगते. ती मना म्हनाली, तुज्याकडं झाडपाला असतो, असं कायतरी दे की मी ह्या जल्मातनं एकदाची सुटेन. सुनेला कळू देऊ नको."

बाहेर भाजीवाला ओरडत होता. मी पदर तोंडाशी धरला. वह्या तपासताना मी ऐकलेली कुजबूज ती ही होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू भ्याली असतीस. भ्यालेल्या मानसासमोर कोन बसंल संडासाला?" मग माझ्या हातावर आपला हात ठेवून म्हणाली, "ती वंगाळ बोलली नाय तुला. म्हनाली, तिला घाई असते, बिचारीला."

नंतर आये फारशी आली नाही. तिच्या गावात इमारती उठल्या, मुलगे दुसरीकडे गेले, आणि एका पावसाळ्यानंतर ती गेल्याचं भाजीवालीनं सांगितलं.

आता मी ठाण्यात एकटी राहते. पणजी गेली त्या वयाला मी पोचले आहे. घरात दोन बाथरूम आहेत आणि मला कसलीही घाई नाही. तरी सकाळी दार लावून बसले की बाहेर कुणीतरी पदर सावरत, भिंतीला टेकून उभं असल्याचं जाणवतं. वाट बघणाऱ्या माणसाचा श्वास मला ओळखू येतो. मी अर्धवट उठते, कडी काढते आणि म्हणते, "या आई, झालं माझं."

बाहेर कोणी नसतं.